रिकाम्या हौद्याचा ट्रक ऑटोक्रॉससाठी कसा तयार करावा

अमेरिकेत राहून ज्यांना जुन्या पिकअपचा नाद लागलाय आणि आता तो रस्त्यावर मांडायच्या रबरी कोनांमधून पळवायचाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझा ट्रक १९७२ चा शेव्हरले सी-१०. आखूड हौदा, टू-व्हील ड्राइव्ह, ३५० घनइंची व्ही-८ आणि टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इथे मिशिगनमध्ये मी चासीच्या सुट्या भागांच्या कामात आहे, पण हात वळला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, बाबांच्या गॅरेजमध्ये. खालचे आकडे सी-१० चे आहेत. तुमच्याकडे फोर्ड एफ-१०० किंवा डॉज डी-१०० असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

भारतात ऑटोक्रॉस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मातीचा ट्रॅक येतो. इथे तसं नाही. मोठ्या पार्किंगच्या जागेवर किंवा जुन्या धावपट्टीवर रबरी कोन मांडतात आणि एका वेळी एक गाडी सोडतात. शर्यत घड्याळाशी असते. फेरी साधारण मिनिटभराची, वेग ताशी ६०-६५ मैलांच्या वर क्वचित जातो. एससीसीए, म्हणजे १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, या खेळाला ‘सोलो’ म्हणतो. त्यांच्या नियमाने पाडलेल्या प्रत्येक कोनाचे २ सेकंद वेळेत मिळवतात आणि वाट चुकली तर फेरीच बाद. पाव सेकंदावर क्रमांक ठरणाऱ्या खेळात २ सेकंद फार होतात.

आता ट्रकाकडे वळू. बाबा टाटा ४०७ दुरुस्त करायचे, तेव्हा ड्रायव्हर मंडळींना एक गोष्ट नेहमी सांगायचे: भरलेली गाडी रस्ता धरते, रिकामी नाचते. सी-१० चं अगदी हेच आहे. अर्धा टन माल घेऊन शेतातून बाजारात जाण्यासाठी हा ट्रक बांधला. मागच्या स्प्रिंगा त्या मालासाठी कडक, ब्रेकचं मागचं-पुढचं गणित त्या मालासाठी, चासीची उंचीसुद्धा त्या मालाखाली दबण्यासाठी. आपण मात्र तो हौदा रिकामा ठेवून पळवतो. नाक जड, शेपूट हलकं आणि सगळं काही जमिनीपासून उंच. तयारी म्हणजे ट्रकाच्या अंगात बसलेला तो नसलेला माल एकेक करून बाहेर काढणं. कुठलाही भाग विकत घेण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, की यातून त्या मालाचा कुठला हिशोब सुटतो? उत्तर सापडलं नाही तर पैसे खिशात राहू द्या.

आधी क्लबला विचारा

स्पॅनर उचलण्याआधी हे करा. उंच गाडी वळणात उलटू शकते, म्हणून पिकअप, एसयूव्ही आणि व्हॅनकडे क्लब वेगळ्या नजरेने बघतात. एससीसीएच्या सोलो नियमपुस्तकात अशा गाड्यांच्या स्थिरतेसाठी स्वतंत्र कलम आहे. कारखान्यातून आला तसा उंच ट्रक घेऊन गेलात तर सुरक्षा अधिकारी दारातूनच परत पाठवू शकतो, आणि त्याचं बरोबर असेल.

हे कलम मोजमापाच्या भाषेत समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅक, घ्या. त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. आलेल्या आकड्याला स्टॅटिक स्टॅबिलिटी फॅक्टर म्हणतात. अमेरिकेचं रस्ता सुरक्षा खातं, एनएचटीएसए, गाड्यांना उलटण्याबद्दलचे तारे देताना हाच आकडा वापरतं. समजा ट्रॅक ६४ इंच आणि गुरुत्वमध्य २७ इंचांवर आहे. ६४ भागिले ५४, म्हणजे १.१९. आता गुरुत्वमध्य ४ इंच खाली, २३ वर आणला तर ६४ भागिले ४६, म्हणजे १.३९.

ढोबळमानाने हा आकडा म्हणजे गाडी किती ‘जी’च्या (१ जी म्हणजे गाडीच्या वजनाइतका जोर) आडव्या जोराला उलटायला लागेल त्याची वरची मर्यादा. प्रत्यक्षात अंग कलंडतं, टायर दबतो, स्प्रिंग उसळते, म्हणून खरी मर्यादा त्याहून खालीच असते. आजचे चांगले २०० ट्रेडवेअरचे (हा टायरच्या झिजेचा आकडा; कमी तितका टायर मऊ आणि पकड जास्त) टायर कोरड्या काँक्रीटवर १ जी सहज देतात. १.१९ च्या ट्रकाला असले टायर घातले तर घसरणं आणि उलटणं यांच्यात अंतर फारच थोडं उरतं. साध्या टायरवर तोच ट्रक आधी घसरतो, आणि घसरणं सुरक्षित असतं.

म्हणून लहान गाडीवाल्यांचा ‘आधी टायर घ्या’ हा सल्ला ट्रकाला लागू करू नका. ट्रक आधी खाली आणायचा, टायर नंतर. या एका बाबतीत मी कुणाशीही तडजोड करत नाही.

क्लासबद्दलही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. जुन्या अमेरिकन गाड्यांसाठी एससीसीएचा क्लासिक अमेरिकन मसल नावाचा गट आहे, त्यातला सीएएम-टी हा पारंपरिक बांधणीच्या गाड्यांचा. बदलांना तिथे बरीच मोकळीक आहे आणि टायर २०० ट्रेडवेअरच्या खालचा चालत नाही. तुमचा ट्रक त्यात कसा बसतो ते त्या वर्षीच्या नियमपुस्तकात वाचा, पुस्तक दर वर्षी बदलतं. गुडगाइज या संस्थेच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यांतही ऑटोक्रॉस असतं आणि तिथे पिकअप बघायला लोक खास गर्दी करतात.

कुठला ट्रक घ्यावा

हातात ट्रक असेल तर हा भाग सोडा. नसेल तर १९७१ किंवा १९७२ चा सी-१० शोधा. ‘सी’ म्हणजे टू-व्हील, ‘के’ म्हणजे फोर-व्हील. के घेऊ नका, तो आणखी उंच. १९७१ पासून पुढे डिस्क ब्रेक कारखान्यातूनच येऊ लागले आणि चाकाला ५ इंचांच्या वर्तुळावर ५ बोल्ट आले, त्यामुळे चाकं मिळायला सोपं जातं. आखूड हौद्याचा व्हीलबेस ११५ इंच, लांब हौद्याचा १२७. आखूडच घ्या.

चासी नंबर वाचायला शिका. १९७२ च्या नंबरात पहिलं अक्षर शेव्हरलेचं, दुसरं सी किंवा के, तिसरं इंजिनाचं: ई असेल तर व्ही-८, एस असेल तर सहा सिलिंडर. त्यापुढे १ म्हणजे अर्ध्या टनाचा, ४ म्हणजे पिकअप, २ म्हणजे १९७२, आणि नंतर कारखान्याचं अक्षर. माझ्या ट्रकावर एफ आहे, म्हणजे तो इथून तासाभरावरच्या फ्लिंटमध्ये बांधला गेला.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने इथले जुने ट्रक खालून खाऊन टाकलेत. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचे रॉकर, केबिन चासीवर बसते ते पुढचे माउंट आणि मागच्या ट्रेलिंग आर्मचा (एक्सलला चासीशी जोडणाऱ्या लांब दांड्यांचा) आडवा क्रॉसमेंबर: या चार जागी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पत्र्याचा गंज दिसायला वाईट, क्रॉसमेंबरचा गंज जिवावर बेततो. शक्य असेल तर ॲरिझोना किंवा टेक्सासचा ट्रक आणा. रंग उन्हाने उडालेला असेल, पण लोखंड शाबूत असेल.

मागे गोल स्प्रिंगा की पाटे (लीफ स्प्रिंग), तेही वाकून बघा. १९६३ ते १९७२ च्या शेव्हरले सी-१० ला मागे सहसा कॉइल स्प्रिंगा आणि लांब ट्रेलिंग आर्म असतात, त्याच काळातल्या जीएमसीला बहुतेक वेळा पाटे. १९७३ नंतरच्या चौकोनी अंगाच्या ट्रकांना पाटेच. कॉइलवाला मिळाला तर उत्तम.

वजन करा

हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. थोडक्या पैशांत पुढच्या एक्सलचं आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. पेट्रोलची टाकी भरून, स्वतः आत बसून काटा करा. माझ्या ट्रकाची चिठ्ठी सुरुवातीला अशी होती: एकूण ३,९०० पौंड, त्यातले पुढे २,३००. म्हणजे ५९ टक्के वजन नाकावर.

ही चिठ्ठी जपून ठेवा. कुठला भाग कुठे हलवायचा याचे सगळे निर्णय त्यावरून होतात.

पहिला हलवायचा भाग म्हणजे पेट्रोलची टाकी. १९७२ पर्यंतच्या या ट्रकात ती केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते. सुमारे २० गॅलन, गॅलनला ६ पौंड धरले तर १२० पौंड पेट्रोल आणि तेही तुमच्या कण्याला टेकून. ती काढा आणि हौद्याखाली, चासीच्या दोन दांड्यांच्या मध्ये, मागच्या एक्सलच्या पलीकडे नवी टाकी बसवा. वजन खाली गेलं, मागे गेलं आणि केबिनमधून पेट्रोल गेलं. माझ्या मते या ट्रकावर करायचं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, शर्यतीला कधी उतरला नाहीत तरीही.

बॅटरी बॉनेटखालून काढून हौद्याच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात न्या, म्हणजे ड्रायव्हरच्या विरुद्ध कोपऱ्यात. पक्क्या पेटीत, बोल्टने आवळून. जाड केबल टाका आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर मोठा फ्यूज लावा. चासीवर घासून केबल उघडी पडली तर तोच फ्यूज आग थांबवेल. स्टेपनी, जॅक आणि टूलबॉक्स शर्यतीच्या दिवशी घरी. हौद्यात वाळूची पोती टाकून शेपूट जड करायचा मोह अनेकांना होतो. ते करू नका: सुटं वजन क्लब चालवून घेत नाही, आणि वाढवलेला प्रत्येक पौंड ब्रेक मारताना व वळताना तुमच्याच विरुद्ध काम करतो.

खाली आणणं

पुढे ड्रॉप स्पिंडल वापरा. यात चाकाचा अक्ष स्पिंडलवर अडीच इंच वर सरकवलेला असतो, त्यामुळे आर्मचे कोन आणि स्प्रिंगचा प्रवास तसाच राहून ट्रक खाली येतो. नुसती आखूड स्प्रिंग घातली तर आर्म आधीच वर चढलेले असतात, दबायला जागा उरत नाही आणि पहिल्याच खड्ड्यात बंपस्टॉप, म्हणजे शेवटचा रबरी अडथळा, लागतो. बंपस्टॉपवर टेकलेल्या चाकाला स्प्रिंग नसल्यात जमा आहे, वळणाच्या मध्यात टायर एकदम सुटतो. स्पिंडलने अडीच इंच आणि थोड्या आखूड, कडक स्प्रिंगेने दीड इंच, असे मिळून पुढे ४ इंच पुरेत. प्रदर्शनातले ट्रक जमिनीला टेकलेले दिसतात. ते उभं राहण्यासाठी असतात, त्यांची नक्कल करायची नाही.

मागे ६ इंच खाली आणावं लागतं, कारण कारखान्याने शेपूट मालासाठी वर ठेवलं होतं. इतकं खाली आणल्यावर एक्सल चासीच्या दांडीला लागतो. म्हणून दांडीत अर्धगोल खाच पाडून तिला जाड पट्टीने मजबुती देतात, तिला सी-नॉच म्हणतात. बोल्टवर बसणारं किट मिळतं. खाच मापात आणि कडा गुळगुळीत ठेवा, करवतीचा ओरखडा राहिला की तिथूनच तडा सुरू होतो. शॉक ॲब्सॉर्बरही आखूड लागतात. जुने लांब शॉक ठेवले तर तेच आतून तळाला आपटतात आणि लोक स्प्रिंगेला दोष देत बसतात.

फायद्याचं गणितही बघा. १ जी च्या वळणात ३,९०० पौंडांच्या ट्रकाचं आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन म्हणजे ३,९०० गुणिले गुरुत्वमध्याची उंची भागिले ट्रॅक. २७ इंचांवर ते सुमारे १,६५० पौंड होतं, २३ इंचांवर १,४००. अडीचशे पौंडांचा भार बाहेरच्या टायरवरून उतरला. हे कुठल्याही इंजिनाने मिळत नाही.

मागचा एक्सल

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सी-१० ची खरी दौलत इथे आहे आणि लोक तिकडे सगळ्यात शेवटी बघतात.

दोन लांब ट्रेलिंग आर्म एक्सलपासून निघून पुढे ट्रकाच्या मध्याकडे येतात आणि क्रॉसमेंबरला बुशमध्ये बसतात. प्रत्येक आर्म म्हणजे पाठीला पाठ लावलेले दोन सी-चॅनल. ही रचना इतकी चांगली निघाली की नॅसकार या अमेरिकन शर्यत मालिकेच्या गाड्यांनी ती उचलली आणि २०२२ मध्ये नवी, स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनची गाडी येईपर्यंत मुख्य मालिकेत वापरली. तिथे या आर्मना आजही ‘ट्रक आर्म’च म्हणतात. म्हणजे तुमच्या शेतकी ट्रकाखाली अर्ध्या शतकाची शर्यतीची परंपरा आधीपासून आहे. ती फेकून महागडं फोर-लिंक किट घालायची घाई करू नका.

आर्मचं सी-चॅनल मुद्दाम पिळवटू शकतं. ट्रक कलंडला की एका बाजूचा आर्म वर जातो, दुसरा खाली, आणि एक्सलला पकडून ठेवलेले दोन्ही आर्म पीळ खातात. म्हणजे मागे थोडा अँटी-रोल बार, कलंडणं रोखणारा दांडा, आधीच बसवलेला आहे. म्हणून पुढच्या बुशमध्ये कडक पॉलियुरेथेन भरू नका आणि आर्मला पट्ट्या वेल्ड करून पेटी बनवू नका. तो पीळ अडवलात की मागचं आतलं चाक उचललं जातं आणि हलक्या शेपटाच्या ट्रकात ते लगेच फिरून धूर काढतं. नवे, चांगल्या प्रतीचे रबरी बुश टाका, बोल्ट नवे टाका, टॉर्क पान्याने आवळा. शेवटचं आवळणं ट्रक चाकांवर उभा असताना करा, जॅकवर नाही. नाहीतर रबर कायमचं पिळलेल्या स्थितीत अडकतं.

एक्सलला डावीकडे-उजवीकडे धरून ठेवतो तो पॅनहार्ड बार. कारखान्याचा बार आखूड आहे. आखूड बार वरखाली होताना लहान त्रिज्येचा कंस काढतो, त्यामुळे चाकं वर गेली की एक्सल बाजूला सरकतो. ६ इंच खाली आणलेल्या ट्रकात तर तो उभ्या जागीच एका बाजूला सरकलेला असतो. लांब आणि लांबी जुळवता येणारा बार बसवा. मग सपाट जागी ट्रक उभा करून दोन्हीकडे चासीवरून ओळंबा सोडा, ओळंब्यापासून रिमपर्यंतचं अंतर मोजा आणि दोन्ही बाजू एक अष्टमांश इंचाच्या आत आणा. ट्रकाच्या उंचीवर बार जमिनीला समांतर असावा. या एका कामाने डावं वळण आणि उजवं वळण सारखं वाटायला लागतं. त्याआधी ट्रक एका बाजूला आज्ञाधारक आणि दुसऱ्या बाजूला हट्टी असतो, आणि ड्रायव्हर बिचारा आपलं काय चुकतंय ते शोधत राहतो.

डिफरन्शियल साध्या ‘ओपन’ प्रकारचा असेल तर आतलं चाक फिरेल आणि सगळी ताकद तिथेच जाईल. हेलिकल गिअरवर चालणारं ट्रूट्रॅक नावाचं डिफरन्शियल बसवा. त्यात क्लचच्या चकत्या नसतात, झिजायला फारसं काही नाही आणि वेगळं ॲडिटिव्हही लागत नाही. जुनं पोझिट्रॅक्शन, म्हणजे शेव्हरलेचं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, चांगल्या स्थितीत मिळालं तर तेही चालेल.

पाटेवाला ट्रक असेल तर एक्सल पाट्यांच्या खालून वर घेणारं फ्लिप किट मिळतं, ओझ्यासाठी दिलेला सगळ्यात खालचा जाड पाटा काढता येतो, आणि एक्सल गोल फिरू नये म्हणून ट्रॅक्शन बार लावावा लागतो. हा ट्रकही पळतो, पण कष्ट जास्त.

पुढचं टोक आणि स्टिअरिंग

नवे बॉल जॉइंट, नवे टाय रॉड, नवा आयडलर आर्म. पन्नास वर्षांच्या ट्रकात यांतला एकही भाग ‘अजून चालेल’ म्हणून ठेवू नका. सगळे मिळून एका टायरच्या किमतीत येतात.

अलाइनमेंटसाठी मी दिलेले आकडे: कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) उणे २ ते उणे २.५ अंश, कॅस्टर (बाजूने बघता चाक वळण्याच्या अक्षाचा कल) अधिक ५ ते ६, टो (वरून बघता चाकांची दिशा) बाहेरच्या बाजूला एकूण एक सोळांश इंच. कारखान्याच्या वरच्या आर्मवर नुसते शिम (पातळ चकत्या) बदलून इतका कॅस्टर मिळत नाही, त्यासाठी बॉल जॉइंट मागे सरकवलेले वरचे आर्म मिळतात. कॅस्टर वाढला की स्टिअरिंग जड होतं पण चाक वळवल्यावर बाहेरच्या टायरला आणखी कॅम्बर मिळतो, आणि जड नाकाच्या ट्रकाला तोच हवा असतो. साध्या दुकानात अलाइनमेंटवाला संगणकावरचे कारखान्याचे आकडे लावून देतो. तुमचे आकडे कागदावर लिहून न्या आणि उभे राहून करून घ्या.

पुढे सव्वा इंची अँटी-रोल बार. स्टिअरिंग बॉक्स १२.७:१ चा सॅगिनॉ. सॅगिनॉ हे आमच्या मिशिगनमधलंच गाव, अमेरिकेतल्या निम्म्या जुन्या गाड्यांचं स्टिअरिंग तिथलं वाटावं इतकं त्याचं नाव आहे. जुन्या संथ बॉक्सवर स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीतल्या कोनांमधून नागमोडी जाताना, हात पुरत नाहीत.

टायर, ब्रेक, सीट

ट्रक खाली आला, आता टायर घ्या. १८ इंची, साडेनऊ इंच रुंद रिमवर २७५/३५ चा २०० ट्रेडवेअर टायर चारही बाजूंना. घेण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून फेंडरला कुठे घासतंय ते बघा.

हवा पुढे ३६, मागे ३० पीएसआयपासून सुरू करा. टायरच्या खांद्यावर खडूने रेघा ओढा, फेरी करा, परत येऊन बघा. खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणाच्या खाली खडू पुसला गेला असेल तर टायर लोळतोय, हवा वाढवा. त्रिकोणापर्यंत पोहोचलाच नाही तर कमी करा. ट्रक नाक सरळ ठेवून पुढे घसरत असेल तर आधी पुढची हवा बदलून बघा, स्प्रिंगेला हात नंतर.

ब्रेकवर खर्च कमी करा. मिनिटभराच्या फेरीत ते तापून निकामी होत नाहीत. चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑईल, नवे रबरी होस. फक्त एक गोष्ट हवी: जुळवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. मागचे ड्रम भरलेल्या हौद्यासाठी आहेत, रिकाम्या ट्रकात ते आधी जाम होतात आणि शेपूट पुढे येऊ बघतं. मोकळ्या जागी ब्रेक मारून पाहत मागचा दाब इतका कमी करा की पुढची चाकं किंचित आधी जाम होतील.

बेंच सीटवर वळणात माणूस दाराकडून मध्यापर्यंत घसरतो आणि स्टिअरिंगलाच लटकतो. बाजू उंच असलेली सीट जाड पट्ट्यांवर बोल्टने बसवा. तीन टोकांचा चांगला पट्टा लावा. रोल बार नसताना चार टोकांचा हार्नेस घालू नका: छत दबलं तर तो तुम्हाला ताठ धरून ठेवतो, वाकू देत नाही. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या चालू प्रमाणपत्राचं, क्लब कुठली वर्षं स्वीकारतो ते विचारून घ्या.

इंजिन

जे आहे ते ठेवा. आत पडदे असलेलं तेलपात्र (संप) बसवा, कारण लांब वळणात तेल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बोरेटर क्वाड्राजेट असेल तर ठेवा, त्याची पेट्रोलची वाटी मध्यभागी आणि लहान असल्याने वळणात पेट्रोल तुटत नाही. थ्रॉटलला दोन स्प्रिंगा, रेडिएटरला ओव्हरफ्लो बाटली.

गिअर असे तपासा: इंजिनाचे फेरे गुणिले टायरचा व्यास इंचांत, भागिले ३३६, भागिले गिअरबॉक्सचं गुणोत्तर, भागिले एक्सलचं गुणोत्तर. ५,००० फेरे, २५.६ इंची टायर, टर्बो ३५० चा दुसरा गिअर १.५२ आणि एक्सल ३.७३, म्हणजे ताशी सुमारे ६७ मैल. पूर्ण फेरी दुसऱ्याच गिअरमध्ये होते. दांडी ‘२’ वर टाकायची आणि विसरून जायचं.

शर्यतीच्या दिवशी

सकाळी तपासणी होते: चाकाचे नट, बेअरिंगचा ढिलेपणा, बॅटरी पक्की आहे का, गळती, ब्रेक पेडल, केबिनमध्ये सुटी वस्तू. सीटच्या मागची फट हाताने चाचपा, जुन्या ट्रकात तिथे काय काय सापडतं याला अंत नाही.

मग कोर्स पायी फिरा, एकदा गप्पा मारत आणि नंतर एकट्याने. आडवा पडलेला कोन उभ्या कोनाकडे बोट दाखवतो, कुठल्या बाजूने जायचं ते त्यावरून कळतं. निम्मे लोक पळवतात तेव्हा निम्मे कोन उचलायला उभे असतात, आणि हे काम टाळू नका, कारण शंभर गाड्या त्याच वळणावर काय करतात ते फुकट बघायला मिळतं.

ट्रक चालवताना एक गोष्ट लहान गाडीपेक्षा वेगळी असते. पहिल्या पिढीच्या मियाटाचा, म्हणजे माझदाच्या छोट्या स्पोर्ट्स कारचा, व्हीलबेस ८९.२ इंच, तुमचा ११५. मागचं आतलं चाक पुढच्यापेक्षा बरंच आतून जातं. पुढचं चाक कोन चुकवून गेलं म्हणून वळाल तर मागचं तोच कोन घेऊन जाईल. कोन तुमच्या खांद्याच्या रेषेला येऊ द्या, मग वळा. स्लॅलममध्ये नजर पुढच्या कोनाच्या पुढच्या कोनावर ठेवा. ब्रेक सरळ रेषेत मारा, सोडताना हळू सोडा. पाय झटकन काढलात तर नाकावरचं वजन उडतं आणि चाक वळवूनही ट्रक सरळ जातो.

एका दिवसात एकच बदल करा. हवा बदलली तर बारला हात नाही, बार बदलला तर हवेला हात नाही. वहीत तापमान, हवा, वेळ, पडलेले कोन आणि ट्रक कुठे हट्टीपणा करत होता ते लिहा.

घरी निघण्याआधी चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. दुसऱ्या दिवशी ट्रक जॅकस्टँडवर घ्या आणि तीन जागा टॉर्च मारून बघा: ट्रेलिंग आर्मच्या क्रॉसमेंबरचे बोल्ट, पॅनहार्ड बारच्या ब्रॅकेटभोवतीचं वेल्डिंग आणि सी-नॉचच्या कडा. केसाएवढी रेघ दिसली तरी तिथला रंग खरवडून काढा, खरा तडा असेल तर तो लोखंडात दिसेल, आणि वेल्ड होईपर्यंत पुढच्या शर्यतीला ट्रक न्यायचा नाही.